कार्डाचे ऐंशी रकाने

बारा ऑगस्ट २००२, सोमवार. रक्कम रुपये अडीचशे, पुनर्परीक्षेची फी. हजर तिघं: मी, माझी बायको आणि कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम. मी फी भरायला तयार नव्हतो.

ज्याच्याकडे संगणकाचा दाखला नाही त्याची वेतनवाढ आमच्या कचेरीत रोखून धरत. माझी जुलैपासून अडकली होती, महिना एकशे पंचाहत्तर. पास व्हायला पन्नास गुण लागत. मला एकोणपन्नास मिळाले. माऊस हाताला बसला नव्हता, भलतीकडे दाबलं गेलं, ते गुण माझ्या चुकीने गेले. त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘पंचकार्डावर किती रकाने असतात?’ याला मी ऐंशी हे उत्तर दिलं आणि ते चूक धरलं. क्लासच्या पुस्तकात बहात्तर छापलं होतं.

रत्नागिरीला परतून कारकून होण्याआधी मी मुंबईत चार वर्षं याच कार्डांवर प्रोग्राम केले. तेव्हा संगणकाला प्रोग्राम जाड कागदाच्या कार्डांवरून देत, एका कार्डावर एक ओळ. आम्ही कागदावर लिहायचं, पंचिंगच्या मुलींनी ते भोकं पाडून कार्डांवर उतरवायचं, गठ्ठा मशीनरूममध्ये द्यायचा आणि निकालाची दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की आणखी एक दिवस गेला. मजकूर बहात्तराव्या रकान्यापर्यंत. पुढच्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक. प्रोग्राम चालवताना यंत्र ते आठ सोडून देई, म्हणून या पुस्तकवाल्याने ते धरलेच नाहीत. माझ्या हातून एकदा अकराशे कार्डांचा डबा जिन्यावरून पडला होता. त्या अनुक्रमांकांवरूनच सॉर्टर यंत्राने चार फेऱ्यांत सगळी कार्डं परत ओळीने लावून दिली. ज्याला ते आठ रकाने नकोत, त्याने एकदा तो डबा जिन्यावरून सोडून बघावा आणि मग कार्डं हाताने जुळवत बसावं.

पंचांगात खूण म्हणून ठेवलेलं एक जुनं कार्ड मी सोबत नेलं होतं. ते टेबलावर आपटलं.

“मोजा.”

मॅडम पंचवीस-सव्वीसच्या, मूळच्या चिपळूणच्या. त्यांनी पेनाच्या टोकाने खरोखरच मोजले. “काका, ऐंशीच भरतात हो.”

“मग माझा गुण द्या.”

“मी कुठून देऊ? उत्तरं पुण्याहून येतात. मशीनच तपासतं.”

“मशीनला बहात्तर कोणी सांगितलं?”

“ते मला नाही माहीत. मी पंचकार्ड आज पहिल्यांदा बघतेय.”

“आणि शिकवता!”

“अहो, त्यांच्यावर काय ओरडता?” बायको म्हणाली. “त्यांनी छापलंय का पुस्तक?”

“मग ज्यांनी छापलं त्यांना बोलावून आण.”

“आणते हं. कामं टाकून पुण्याला जाते आणि त्यांना कानाला धरून आणते.” तिने पर्समधून पैसे काढून टेबलावर ठेवले. “पोरीच्या हॉस्टेलचे पैसे भरायचेत. बहात्तर लिहा आणि मोकळे व्हा.”

मॅडमनी पावती फाडली. मी पुण्याला पत्र लिहिलं, कार्डाची झेरॉक्स जोडली. उत्तर आलं नाही.

सप्टेंबरात परत परीक्षेला बसलो. प्रश्न पुन्हा तोच आला. माऊसवाले आधीचे दोन प्रश्न मी बिघडवले होते, गुण किती पडतील याचा भरवसा नव्हता. पडद्यावर ऐंशी होतं, खाली बहात्तर. मी बहात्तर दाबलं. आजवर कुठल्या कागदावर मी जाणूनबुजून चुकीचा आकडा घातलेला नाही. तिथे घातला आणि त्याचा मला गुण मिळाला. बरोबर पन्नास. मॅडमनी पेढा पुढे केला, मी घेतला नाही.

दाखला दिल्यावर वेतनवाढ ऑक्टोबरपासून सुरू झाली. पुनर्परीक्षेचे अडीचशे क्लासला गेले ते गेलेच. अडकलेल्या तीन महिन्यांचे पाचशे पंचवीस मला कोणी दिले नाहीत.