हात मागे बांधून

माझ्या भाचीला जन्मापासून दिसत नाही. कॉलेजसाठी ती आमच्याकडे नाशिकला राहायला आली, तेव्हा तिला फोनवर माहिती शोधायला शिकवण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. तिच्या शाळेतल्या बाईंनी मला एकच अट घातली, "ती शोधत असेल तेव्हा तुम्ही हात मागे बांधून बसायचं." इतका आज्ञाधारक मी स्वतःच्या लग्नातही बसलो नव्हतो.

तिला वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी गाठायची होती. विषय होता शहरातला एखादा चौक. तिनं नाशिकचा द्वारका चौक निवडला. कानात इअरफोन, बोट पडद्यावर. फोन एकेक मथळा वाचून दाखवतोय, नको तो ती मागे टाकतेय, आणि शेजारी मी कासावीस. हात मागेच होते हो, पण तोंड सुटलं. "अगं, त्यापेक्षा मीच सांगतो!" म्हणत मी त्या चौकातल्या पेरूच्या झाडाची गोष्ट सांगितली. झाड तोडू न देणारी म्हातारी, तिच्यामुळे वळवलेला रस्ता, सगळं. घरच्या प्रत्येक कार्यात मी ती सांगतो आणि दर वेळी म्हातारी जरा जास्त तापट होते.

स्पर्धेत गोष्टीला टाळ्या पडल्या. मग परीक्षक म्हणाले, "छान! हे कुठे वाचलंस?"

"मामाने सांगितलं."

सभागृह हसलं. सवयीनं मीही हसलो, आणि मग तिचा चेहरा दिसला. अंतिम फेरीत तिचं नाव नव्हतं.

"थापा मला मारायच्या, मला सवय आहे. तिला कशाला?" घरी आल्यावर बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाची पुन्हा फोन घेऊन बसली. मी हात मागे बांधले. काय सापडणार नाही ते मला ठाऊक होतं.

"मामा, पेरू कुठेच नाही. म्हातारीपण नाही."

"जुनी गोष्ट आहे गं, नेटवर कशी..."

"मग तू कोणाकडून ऐकलीस?" अगदी परीक्षकांच्याच सुरात.

"मीच रचली," मी म्हणालो. "तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिनं इअरफोन परत कानात घातला.

"मी द्वारका पहिल्यापासून शोधतेय. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला लागेल. तू चहा ठेव. आणि स्वयंपाकघरातून बोलायचं नाही."

चहापुरते हात सोडायची परवानगी मिळाली. तोंडाची अजून नाही.