शेवटचा ताण बोटांचा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक टेबल आहे. त्यावर कुणी कप ठेवला की आमची ही खेकसते. तिथं ती कपड्यांचे हँगर शिवते. लाकडावर कापसाचा थर गुंडाळायचा, वर सॅटिनचं चुणीदार कव्हर चढवायचं आणि मध्यावर, आकड्यापाशी, कव्हरची दोन्ही तोंडं हातानं शिवून जुळवायची. अशा हँगरवर कपड्याच्या खांद्याला खड्डा पडत नाही. मशीन त्या जोडापर्यंत पोचत नाही. खरं काम तेच.

गेल्या वर्षी हिचा अंगठा सुजला. जाड थरातून सुई ओढता येईना. जिच्या दुकानात माल जातो ती मालकीण घरी आली, अंगठा पाहून म्हणाली, "काकू, आता आराम करा. काम दुसऱ्या बाईंना देते."

"ही खेप माझी आहे ना? ती बघा, मग बोला."

माझ्या वहिनीनं सुचवलं, "गोंद लाव की गं. कोण उलटून बघतंय?"

"गोंदानं पाकिटं चिकटवतात. आणि उलटून मी बघते."

मी जन्मभर फिटरचं काम केलं. माझी बारीक पक्कड हिनं न विचारता उचलली. सॅटिनला डाग नको म्हणून पकडीच्या जबड्याला जुन्या हातमोज्याचं चामडं गुंडाळलं. सुई निघू लागली. पण दोराही पकडीनंच ओढला की चुण्या एका बाजूला गोळा व्हायच्या. कापूस किती दबला, ते पकडीला कळत नाही.

"चालतील," मी म्हणालो.

"अहो, नळ नाही बसवायचाय!"

तिनं झालेले सगळे जोड उसवले. मग सुई तेवढी पकडीनं काढायची आणि दोऱ्याचा शेवटचा ताण बोटांनी द्यायचा, असं बसवलं. काम मंदावलं. अंगठा ठणकायचा. पण तिनं मला कामाला हात लावू दिला नाही.

मालकीण आली. एकेक हँगर उलटा करून तिनं जोडावरून नख फिरवलं.

"कुणाकडून करून घेतलेत?"

"का? बिघडलेत?"

"छे! नेहमीसारखेच आहेत."

हातकामात याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही. हिनं सुजलेला अंगठा पुढे केला. मालकिणीनं तो पाहिला, हातातला हँगर पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "कोटांसाठी रुंद हँगर हवेत. कराल?"

"आधी लाकूड दाखवा. बघून सांगते."