वर्षाचा प्लॅन
कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला भडगावच्या आमच्या अंगणातली एक संध्याकाळ आठवते. तेव्हा मी नुकताच सॉफ्टवेअरचा व्यवसाय सुरू केला होता. पहिल्या गिऱ्हाइकाचं काम ज्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर होतं, त्याची फुकटची मुदत त्या संध्याकाळी संपत होती आणि माझं कार्ड परदेशी पेमेंटला चालेना. वांगी भाजणाऱ्या मोठ्या बहिणीने हात पुसून स्वतःचं कार्ड दिलं. मी महिन्याचा प्लॅन निवडताना तिने स्क्रीनवर डोकावून विचारलं, "काम चांगलं शे ना तुनं?" "शे ना, अक्का." "मंग महिनाना कसाले लेस? वरीसनाच ले." मी वर्षाचा प्लॅन निवडला. मग तिनेच ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला आणि पेमेंट झालं. आज धुळ्याच्या ऑफिसात माझंच कार्ड चालतं. पण माझं काम वर्षभर टिकेल, असं माझ्याआधी तिला वाटलं होतं.