छातीशी गुडघा, तोंडात गाऱ्हाणं

कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत धोंडूकाका परबांची कंबर धरली. नात श्रुतिका फिजिओथेरपी शिकते. तिने त्यांना चटईवर उताणं झोपवलं. "आजोबा, एक गुडघा हळूच छातीशी घ्या, मनात वीस मोजा, मग दुसरा. दुखलं तर थांबा. आणि गप्प राहा."

गप्प राहणं या माणसाला बारशापासून जमलेलं नाही. गुडघा कवटाळून त्यांनी थेट गावच्या देवळातलं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! जिन्यात माका बघून जो हसता, तेची पण कंबर धरू दे रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने होकार द्यायचाच असतो. लादी पुसता पुसता त्यांची बायको, वनमालाकाकू, म्हणाली, "होय म्हाराजा!"

आठवडाभरात अख्खा मजला शापून झाला आणि कंबर मोकळी झाली. श्रेय अर्थात देवाला.

आठव्या दिवशी काकूच चटईवर आडव्या झाल्या. गुडघा छातीशी घेऊन म्हणाल्या, "बा देवा म्हाराजा! चाळीस वर्सां वाकान वाकान माझी कंबर गेली. आता लादी ह्येंनी पुसूची, असा कर रे म्हाराजा!"

गावची सवय वाईट. धोंडूकाका बोलून गेले, "होय म्हाराजा!"