अभिप्राय म्हणजे आरती नव्हे

कदमबाई पुस्तकाशी भांडायच्या. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने. रत्नागिरीच्या आमच्या वाचनालयात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा खिडकीजवळ बसलेली एक म्हातारी मांडीवरच्या पुस्तकाला म्हणत होती, "गप रे मेल्या, कायपण लिहितोस!" मला वाटलं, फोनवर नवऱ्याला झापतेय. मी दारातूनच मागे वळले, तर हाक आली, "ए बाय, पळतेस कुठे? पुस्तक चावत नाय. आणि चावलंच तर आपण पण चावायचं."

मी लातूरकडची. आई गेली तेव्हा आठवीत होते. धाकट्या दोघींना सांभाळायला मला घरी बसवलं ते बसवलंच. आता इथे मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटते. राहते ती खोली वाचनालयाचे कार्यवाह नाना यांची. ओळखपाळख नसताना त्यांनी दिली. ते उपकार मी विसरत नाही, आणि परक्या गावात डोक्यावरचं हे छप्पर उद्या जाईल की काय, ही धाकधूकही जात नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच अडकलंय.

बाई निवृत्त शिक्षिका, पालीजवळच्या बौद्धवाडीतल्या. दर शनिवारी एसटीने यायच्या. पिशवीत छत्री, डबा आणि भांडायला एक पुस्तक. एरवी शाळेतली शुद्ध भाषा, राग आला की वाडीची. म्हणजे बहुतेक वेळ वाडीचीच. मला पहिलं पुस्तक त्यांनीच निवडून दिलं. अडलेल्या शब्दाला मी लाजले की ओरडायच्या, "लाजतेस काय? तो शब्द लाजूंदे, कठीण झालाय तो!"

त्या वर्षी एका नामांकित जलतरणपटू बाईंचं आत्मचरित्र सगळे वाचत होते, कारण त्या स्वतः वाचनालयात येणार होत्या. नानांनी फळ्यावर लिहिलं, 'वाचकांनी अभिप्राय द्यावेत. निवडक अभिप्राय पाहुण्यांसमोर वाचले जातील.' अभिप्राय हा शब्द मला ठाऊक होता. वसतिगृहात कुणी पाहुणे आले की अभिप्रायाच्या वहीत 'जेवण उत्तम' लिहून जातात. तेव्हा मी समजून चालले, अभिप्राय म्हणजे चांगलं बोलणं. लिहिलं, 'पुस्तक छान आहे. धन्यवाद.'

कदमबाईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "पुस्तक वाचलंस ना गो?"

"वाचलं की."

"मग हे कोणी लिहिलं? हे न वाचतापण लिहिता येतं. अभिप्राय म्हणजे आरती नाय. तुला खुपलं काय, ते सांग."

खुपलं होतं. 'मध्येच सोडणारा माणूस कुठल्याच किनाऱ्याला लागत नाही,' असं एक वाक्य होतं. पोळ्या लाटताना ते माझ्या डोक्यात फिरत राहायचं. सांगता सांगता मला रडू फुटलं. बाईंनी माझे डोळे पुसले नाहीत, की पाठीवर हात ठेवला नाही. पुस्तकाचं दुसरंच पान उघडून माझ्यासमोर आपटलं. तिथे लिहिलं होतं, 'पाणी कुणालाच वेगळं मानत नाही.'

"पाणी नाय मानत," बाई म्हणाल्या. "विहीर मानते. माझी आय कळशी घेऊन विहिरीच्या कट्ट्याखाली उभी राहायची, कोणीतरी वरून ओतेल म्हणून. आम्हाला कोण पवायला शिकवणार होतं? त्याच्यावर मी लिहिणार. तुझ्यावर तू लिही."

मी लिहिलं, 'मी शाळा सोडली नाही, मला काढलं. या बाईंना पहाटे कुणीतरी उठवत होतं, दूध देत होतं, काठावर टॉवेल घेऊन उभं राहत होतं. पानोपानी त्यांची आई आहे. तरी त्या म्हणतात, मी एकटी पोहले. त्या आईचा अभिप्राय मला वाचायला आवडेल.'

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. कदमबाईंचा अभिप्राय निवडलाच नव्हता. माझं नाव मात्र नानांनी पुकारलं आणि कागद हातात धरून, हसत वाचलं, "या पुस्तकामुळे मला पुन्हा शाळेत जाण्याची प्रेरणा मिळाली." टाळ्या पडल्या. पाहुण्या बाईंनी प्रेमाने मला वर बोलावून गुलाबाचं फूल दिलं. मी ते घेतलं. समोर नाना, आणि नानांची खोली.

मागच्या रांगेतून कदमबाई कडाडल्या, "ते तिचं नाय! तिने लिहिलंय ते वाचा!"

"बाई, बसा हो, पाहुण्यांसमोर काय हे," नाना म्हणाले.

"पाहुण्यांनाच तर ऐकूंदे! त्या समुद्राला घाबरल्या नाहीत, एका कागदाला घाबरतील काय?"

कुणीतरी घाईघाईने आभार मानायला उठलं आणि चहा आला. बाहेर बाई माझ्यावरही तडकल्या. "फूल कशाला घेतलंस?" एसटी स्टँडपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत राहिल्या. गाडीत चढल्यावर खिडकीतून डोकं काढलं. "शनिवारी ये. आणि ते फूल फेक आधी."

गेल्या महिन्यात बाई गेल्या. वाचनालयात शोकसभा झाली. टेबलावर त्यांचा हसरा फोटो होता. तो कुठून मिळवला, कुणास ठाऊक. नाना बोलायला उठले. "कदमबाई म्हणजे शांत, समंजस व्यक्तिमत्त्व. त्यांनी कधी कुणाबद्दल कडवट शब्द काढला नाही." माना हलल्या. मी मागच्या रांगेत होते, बाईंच्याच खुर्चीवर. माझे कान तापले. आधी माझं मत पुसलं, आता बाईच पुसायला निघाले.

"खोटं," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा येईल असं वाटलं नव्हतं.

सगळे वळले. मी उठले. "बाई चिडायच्या. इथे याच जागी तुमच्यावर चिडल्या होत्या, नाना. माझं लिहिलेलं तुम्ही बदललंत म्हणून. आता त्या भांडायला येणार नाहीत, म्हणून त्यांना बदलू नका."

"अगं, शोकसभा आहे ही," नाना हळू आवाजात म्हणाले. "चार चांगले शब्द बोलायचे असतात. बस खाली."

मी त्या दिवशी लिहिलेलं सगळं म्हणून दाखवलं. पाठच होतं. शाळेचं, टॉवेलचं, आईचं. मग बाईंचं विहिरीचं वाक्य सांगितलं, त्यांच्याच भाषेत. कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं.

खोली अजून नानांचीच आहे. सभा संपेपर्यंत ते मला दोनदा बस म्हणाले. मी उभीच राहिले.