अडतीस अंशांवर गढूळ

नीला कर्णिक साकीनाक्याच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं काम करत होती. यंदा अ‍ॅलर्जीच्या एका पातळ औषधाने तिला फार छळलं. बाटली जरा तापली की आतलं औषध दुधासारखं व्हायचं. त्या औषधाच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, म्हणून पाण्यात ते घोळके करून असतात. आंबटपणा कमी करायला घातलेल्या क्षाराने हे घोळके एकमेकांना चिकटत आणि अडतीस अंशांवरच सगळं गढूळ होई. महिनाभर एकटीने खपून, क्षाराचं प्रमाण थोडं थोडं बदलत नीलाने हे शोधून काढलं. शेवटची बाटली साठ अंशांनाही नितळ राहिली.

"झकास. रिपोर्ट मेल करा," एवढं बोलून मॅनेजर धवल फोनला लागला.

घरी सांगायला कोणी नव्हतं. रविवारी ती मुलुंडला शरच्चंद्र प्रधानांकडे गेली. हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं, पण वर्षभरात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. तरी तिने सगळं सांगितलं आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हुशार आहात. कुठे शिकलात?"

"तुमच्याकडेच, सर."

"माझ्याकडे? मी काय शिकवलं?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," नीला म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. ती निघाली तेव्हा दारापर्यंत येऊन त्यांनी अदबीने विचारलं, "आपण कोणाकडे आला होतात?"