पुस्तकलाबाईंचं चिलखत

रविवारी सकाळी मी कुडव्याच्या चक्कीवर दळण घेऊन उभी होते, तेव्हा हिवराजचा फोन आला. चक्कीच्या आवाजात काही कळेना, म्हणून रस्त्यावर आले. "बाई, माय गेली जी," तो म्हणाला. "सकाळी चहा मांडला, आन तशीच खाली बसली..." मी म्हटलं, "येते." दळण तिथंच ठेवलं, घरी निरोप दिला आणि देवरीची बस पकडली. गाव देवरीच्याही पुढे, जंगलाच्या अंगाला. पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बसल्या होत्या, आत बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या. पुस्तकलाबाई झोपल्यासारख्या वगैरे दिसत नव्हत्या. गेलेल्या दिसत होत्या. मी हात जोडले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "हिवराज, उद्या शाळेत स्वयंपाक कोण करणार?" दोन बायांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. हिवराज मात्र रडता रडता हसला. "माय असती तं तिनंबी हेच इचारलं असतं."

पुस्तकलाबाई त्याच गावातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवायच्या. मी तिथली मुख्याध्यापिका. नावात पुस्तक असून त्यांची शाळा तिसरीतच सुटली होती, आणि त्यावरून विनोद करणाऱ्याला त्या दुसऱ्यांदा वाढत नसत. सकाळी दारात बसून विड्या वळायच्या, मग शाळेत येऊन चूल पेटवायच्या, घरी गेल्या की परत विड्या. मी रुजू झाले त्या दिवशी नियमाप्रमाणे मुलांच्या आधी खिचडीची चव घेतली आणि म्हटलं, मीठ थोडं कमी आहे. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मीठ बरोबर हाय बाई. तुमची जीभ गोंदियाची हाय." त्या दिवसापासून आमचं जमलं. मला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत आणि त्यांना विचारून मीठ टाकणारी.

मुलं त्यांना आजी म्हणत. त्यातल्या एकीची तर त्या खरोखरच आजी होत्या. हिवराजची मुलगी प्रांजली आमच्याकडे तिसरीत होती, आणि मी सांगते आहे तो हिवाळा तिच्यामुळेच अंगावर आला. देवरीच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन तेव्हा गावाच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती. हिवराजचं गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान, चार लोक त्याचं ऐकणारे. डिसेंबरात तो टीसीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "राग नोका मानू बाई, पन इथं इंग्रजी कोन शिकवून राहिलं? पोट्टी पोपटावानी एबीसीडी म्हनते. पाठ केलेलं कोनीबी बोलते." तो गेला असता तर त्याच्या मागे अख्खी गल्ली गेली असती, आणि मग आमच्या शाळेला कुलूप लागायला फार वेळ लागला नसता. शिवाय गावात बोलणं सुरू झालं होतं : जी बाई शाळेत शिजवते, तिची नातच तिथं राहत नाही, मग आपली लेकरं कायले ठेवायची? पुस्तकलाबाईंनी मुलाशी बोलणं टाकलं. मला म्हणाल्या, "मी त्याले काई म्हननार नाई. लेकरू त्याचं हाय. तुमी दाखवा त्याले." मी हिवराजला म्हटलं, सव्वीस जानेवारीपर्यंत थांब. मुलं इंग्रजीत नाटक करतील. ते बघ, मग टीसी मागितलास तर त्याच दिवशी देईन. तो थांबला.

नाटक मीच लिहिलं. शाळेला मिळालेल्या गोष्टींच्या पुस्तकांत एका घोडेस्वाराचं चित्र होतं, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात बंद. मुलांना तो फार आवडला. "बाई, हा मानूस पेटीत काऊन बसला?" एकानं विचारलं. जुन्या काळातले युरोपातले शिपाई असं चिलखत घालायचे, असं सांगितल्यावर दुसऱ्याला प्रश्न पडला, "मंग खाजवत कसा असंल?" त्यावर अर्धा तास गेला. ठरलं असं, की असे दहा-बारा वीर वाघाला मारायला निघतात आणि वाघ त्यांच्या चिलखतांच्या खडखडाटानंच पळून जातो. चार-चार शब्दांची वाक्यं, प्रत्येकाला किमान दोन. चिलखतं भाड्यानं आणावीत म्हणून मी शनिवारी गोंदियाच्या ड्रेसवाल्याकडे गेले. त्याच्याकडे राजे होते, मोर होते, भाज्या होत्या. चित्र उलटंपालटं करून तो म्हणाला, "मॅडम, ये तो नहीं है. पुलिस ले जाइए, बिलकुल नई है." मी हात हलवत परत आले.

पुस्तकलाबाईंनी ते चित्र चुलीच्या उजेडात धरलं आणि छातीवरच्या भागावर बोट ठेवलं. "हे तं माशाचे खवले हायेत. एकावर एक. यात कठीन का हाय?" दुसऱ्या दिवशी त्या विडीचं पान कापायचा पत्र्याचा साचा घेऊन आल्या. तेंदूच्या पानावर तो ठेवून कात्री फिरवायची, की प्रत्येक पान सारख्या मापाचं निघतं. तोच साचा त्यांनी किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर ठेवला, खालचं टोक कात्रीनं गोल केलं, आणि झाला खवला. मुलांनी घरोघरची खाऊची पाकिटं गोळा केली, राखेनं धुतली, आणि आतली चांदीसारखी बाजू वर ठेवून पुठ्ठ्याला गुंडाळली. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांना मान आणि हात घालायला भोकं पाडली आणि त्यांवर खालून वर ओळीनं खवले चिकटवत नेले. डोक्याला बांबूच्या लहान टोपल्या, उलट्या. हे काम मी शाळेत बसवलेल्या कुठल्याही कवायतीपेक्षा शिस्तीत चाललं, कारण पुस्तकलाबाई वाकडा खवला काढून परत हातात द्यायच्या आणि एकही शब्द बोलायच्या नाहीत.

चिकटवायला खळ अर्थातच तांदळाची. आमच्या भागात ती विकत कोण आणतं? कणी शिजवली, घोटली, झाली खळ. चोवीस तारखेला सगळी चिलखतं तयार झाली. शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर वाळत घातली आणि आम्ही घरी गेलो. पंचवीसला सकाळी येऊन बघते, तर व्हरांड्यात चांदीचे तुकडे विखुरलेले, पोती जागोजागी चावलेली, आणि दोन शेळ्या निवांत रवंथ करत बसलेल्या. भाताचं लेपन केलेला पुठ्ठा म्हणजे शेळीला पंगतच. धान पिकवणाऱ्या गावात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुस्तकलाबाईंनी जमिनीवरचा एक उरलेला खवला उचलला, जिभेला लावला आणि कपाळावर हात मारला. "मीठ बी टाकलं मी! चुलीवर काई चढलं का माहा हात आपोआप मिठाकडं जाते, बाई." मुलं रडत होती. प्रांजली रडत नव्हती, ती आजीकडे बघत होती. तेवढ्यात हिवराज मोटारसायकलवरून जाता जाता थांबला, सगळं बघितलं आणि म्हणाला, "मंग बाई, उद्या टीसी..." त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं किक मारली.

मी हिशेबी बाई आहे. मी मनात नाटक रद्द करून टाकलं होतं. पुस्तकलाबाईंनी पदर खोचला. त्या दिवशीची खिचडी माझ्या गळ्यात घातली आणि गल्लीत गेल्या. अर्ध्या तासात विड्या वळणाऱ्या सात-आठ बाया आपापले साचे आणि कात्र्या घेऊन व्हरांड्यात येऊन बसल्या. त्यांच्या बोटांचा वेग मी तोवर जवळून पाहिला नव्हता. गप्पा चालू, नजर भलतीकडेच, आणि समोर खवल्यांचा ढीग वाढतोय. "माह्या नवऱ्यालेबी एक शिव वो," एक म्हणाली. "त्याले कायले? त्याच्यावर तं डासबी बसत नाई," दुसरी म्हणाली. मग पुठ्ठा संपला. कोणी काही बोलायच्या आत मोटारसायकलचा आवाज आला. हिवराज देवरीहून मागे खोक्यांची चवड बांधून आला होता. महिन्याभरानंतर माय-लेक बोलले, ते एवढंच : "पुरतीन का?" "अजून आन." जाताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पोट्टी नाराज होती म्हनून आनले. टीसी तं घेनारच हाय."

या खेपेला खळीत मीठ नव्हतं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या काळपट पाण्यात कणी शिजवली होती. पुस्तकलाबाईंनी ती चाखली, थुंकल्या, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता त्या दोन शेळ्यांपैकी एकीला कान धरून आणली. पुठ्ठा तिच्या नाकासमोर धरला. शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. व्हरांड्यातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. दिवस मावळायच्या आत शेवटचं चिलखत शाळेच्या खोलीत कुलपात गेलं. कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं.

झेंडावंदनाला गाव जमलं होतं. वीर मैदानात आले आणि सकाळचं ऊन त्या चांदीवर असं पडलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. नाटक बरं चाललं होतं. मुलं वाक्यं म्हणत होती, लोकांना कळत नव्हती, पण आवडत होती. हिवराज मागे भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा. चेहरा तोच : पाठ केलेलं. आणि वाघाची वाट बघत सगळे वीर भाले रोखून उभे असताना मैदानात आली ती शेळी. कालचीच. ती सरळ प्रांजलीपाशी गेली आणि तिच्या पोटावरचे खवले हुंगायला लागली. लोक हसायला लागले. मी पुढे धावणार, एवढ्यात प्रांजलीनं टोपली वर सरकवली, भाला शेळीवर रोखला आणि खड्या आवाजात म्हणाली, "गो होम! धिस इज नॉट युवर फूड! येस्टरडे यू एट माय फ्रेंड्स!" हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. शेळी हुंगून, तोंड वाकडं करून निघून गेली. बाकीचे वीर "गो होम! गो होम!" करत तिच्या मागे धावले, आणि बिचारा वाघ बाजूला आपली पाळी विसरून टाळ्या वाजवत राहिला.

अर्थ कळायला गावाला वेळ लागला. हिवराजला लागला नाही. तो भिंत सोडून पुढे आला. कार्यक्रम संपल्यावर माझ्या टेबलापाशी आला. मग म्हणाला, "हे तुमी शिकवलं नोयतं ना जी?" "वाक्य नाही शिकवलं," मी म्हटलं. "बोलायला शिकवलं." त्यानं मान हलवली. "मंग तो अर्ज फाडून टाका." तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीतून त्याच्या आईचा आवाज आला, "फाडू नोका बाई! इकडं द्या, चूल पेटून नाई राहिली!" अर्ज चुलीत गेला. त्या दिवशीची बुंदी त्यावर तळली, असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या. खरं म्हणजे बुंदी आधीच झाली होती. मी कधी दुरुस्ती केली नाही.

प्रांजली आता देवरीच्या हायस्कुलात दहावीला आहे. पिवळी व्हॅन दोन वर्षं फाट्यावर येऊन थांबत राहिली, मग यायची बंद झाली. आमच्याकडे दर वर्षी जानेवारीत पहिलीच्या मुलांची चिलखतं होतात. आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षिका चिलखत कसं करायचं ते विचारायला आल्या, तेव्हा पुस्तकलाबाईंनी सगळ्यांना एकच सांगितलं : "आधी शेळी आना."

त्या गेल्यावर सोमवारी शाळेत स्वयंपाक झाला. गल्लीतल्या विडीवाल्या बायांनी पाळ्या लावून घेतल्या. मला विचारलंही नाही. आठवड्यानं मी पुस्तकलाबाईंची स्वयंपाकाची खोली आवरायला घेतली, मुलं मदतीला. तांदळाच्या कोठीमागे एक चिलखत निघालं. मोठ्या माणसाच्या मापाचं. खवले इतके नीट बसवलेले, की दोन ओळींमध्ये बोटसुद्धा जाऊ नये. मी म्हटलं, हे कुणाचं? मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. शेवटी चौथीतली एक म्हणाली, "आजीचं. तुमी देवरीले मीटिंगले गेले का आजी घालून वाढे. म्हने, तुमची मोठी बाई गेली, आता राज्य माहं." म्हणजे एवढी वर्षं माझ्या पाठीमागे माझ्या शाळेत चांदीच्या चिलखतातली एक बाई खिचडी वाढत होती, आणि एकाही मुलानं ते माझ्या कानावर घातलं नव्हतं.

मी हिवराजला बोलावलं. आईची वस्तू, घेऊन जा म्हटलं. तो धाकट्याला घेऊन आला होता, सहा वर्षांचा, नाक पुसत उभा. हिवराजनं चिलखत दोन्ही हातांवर घेतलं आणि चुलीशेजारच्या खुंटीला अडकवलं. "हे इथलंच हाय जी," तो म्हणाला, आणि मुलाला माझ्यापुढे सरकवलं. "याचं नाव लिवा."

मी नाव लिहिलं. चिलखत खुंटीवर आहे. वाढायला जी बाई येते ती आता ते घालूनच वाढते, मी शाळेत असले तरी. उजव्या खांद्याखालचा एक खवला हळदीनं पिवळा झालाय. मुलं तो बदलू का म्हणून विचारत होती. मी नाही म्हटलं.